गच्चीवरचा कॉक हातात का येतो?

स्वयंपाकघरातल्या नळाचं वॉशर बदलायचं, एवढंच काम होतं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवर जाऊन टाकीखालचा प्लास्टिकचा कॉक फिरवला, तर त्याची लाल दांडी कट्टकन मोडून हातात आली. पाणी सुरूच. मग हंडे, बादल्या, पातेली, जे हाताला लागेल ते भरून ठेवलं.

"प्रेशरनं गेला बघा," शेजारच्या काकांचं निदान. पण १० मीटर उंच पाण्याचा दाब होतो साधारण १ बार. मीटरभर पाण्याच्या टाकीखाली तो जेमतेम ०.१ बार. सायकलच्या चाकात याच्या वीस-तीसपट दाब असतो. दाबाला उगाच दोष नको.

दोष उन्हाचा, आणि आमच्या आळसाचा. उन्हातली अतिनील किरणं प्लास्टिकच्या लांबलचक रेणुसाखळ्या तोडत राहतात. पीव्हीसीच्या वजनात तर सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो. तो हायड्रोजनला घेऊन साखळीतून निसटतो, प्लास्टिक पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं. कॉकच्या पोटात आरपार भोक असलेला एक गोळा टेफलॉनच्या दोन कड्यांमध्ये बसलेला असतो, दांडी फिरवली की तो फिरतो. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यातला चुना या गोळ्यावर धरतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुन्याचा हा क्षार मात्र कमी! म्हणून तापलेल्या पाइपात थर लवकर साचतो. कॉक वर्षानुवर्षं फिरवलाच नाही तर गोळा जाम होतो, आणि लावलेला सगळा जोर त्या ठिसूळ दांडीवर येतो.

पाइप प्लास्टिकचा असायला माझी हरकत नाही, कॉक मात्र पितळीच हवा. उद्यमनगरात ओतकाम करणारा मित्र म्हणाला, "वजन बघून घे भावा, आणि लोहचुंबक लावून बघ." दांडी लोखंडी असते, ती चिकटणारच, पण कॉकचं अंग चिकटलं तर ते पितळ नव्हे. हलक्या प्रतीच्या पितळेतलं जस्त पाण्यात झिरपून जातं आणि मागे तांब्याचा लालसर, सच्छिद्र सांगाडा उरतो, हेही त्यानंच सांगितलं.

खरी गोम आट्यांत आहे. कॉकचे पितळी आटे प्लास्टिकच्या सॉकेटात, म्हणजे ते ज्यात फिरवून बसवतात त्या तुकड्यात, पान्यानं करकचून आवळले की ते पाचरीसारखं काम करतात. सॉकेट त्या दिवशी तग धरतं आणि काही आठवड्यांनी उभं चिरतं. त्यात तापल्यावर पीव्हीसी पितळेच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावतं, म्हणजे रोज दुपारी-रात्री सांध्याची ओढाताण. म्हणून आत पितळी आटे बसवलेलं फिटिंगच घ्यावं, टेफलॉन टेप गुंडाळून हातानं घट्ट करावं आणि पान्यानं एखाद-दीड फेरा, बस्स. सोबत युनियन, म्हणजे फिरवून सोडवता येणारा जोड, टाकली की पुढच्या वेळी पाइप कापावा लागत नाही. प्लंबर ती टाळायला बघतो, आपण हटून बसायचं.

नव्या कॉकवर जुनं गोणपाट बांधलंय. दर पौर्णिमेला टाकी बघायला वर गेलो की तो एकदा बंद करून उघडतो.