स्मार्ट प्लेलिस्ट आली कुठून?

१७ जुलै २००२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनात ॲपलने आयट्यून्स या गाणी साठवून वाजवण्याच्या प्रोग्रॅमची तिसरी आवृत्ती जाहीर केली. तिच्यात गाण्याला एक ते पाच तारे देण्याची सोय होती, गाणं किती वेळा वाजलं याची मोजदाद होती आणि ‘स्मार्ट प्लेलिस्ट’ नावाचा नवा प्रकार होता. तोवर प्लेलिस्ट म्हणजे एकेक गाणं उचलून हाताने रचलेली यादी. आता गाणी उचलायची नाहीत, फक्त अटी सांगायच्या: चार किंवा जास्त तारे, गेल्या महिन्यात न वाजलेलं, पंचवीसच गाणी. यादी प्रोग्रॅम भरणार, आणि संग्रहात भर पडली की तीही आपोआप बदलणार.

तारे आणि मोजदाद त्याच आवृत्तीत आले हे महत्त्वाचं. नुसत्या गायक, अल्बम आणि वर्षावर बेतलेली यादी हातानेही करता येते. ‘आवडतं, पण बरेच दिवस ऐकलेलं नाही’ असं गाणं मात्र कुणीतरी हिशेब ठेवत असेल तरच सापडतं.

गरज उभी केली होती आयपॉडने, म्हणजे ॲपलच्या खिशात मावणाऱ्या गाण्यांच्या यंत्राने. आयट्यून्स हा मुळात साउंडजॅम एमपी नावाचा प्रोग्रॅम. ॲपलने तो २००० मध्ये विकत घेतला आणि जानेवारी २००१ मध्ये नव्या नावाने आणला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आलेल्या पहिल्या आयपॉडमध्ये जागा होती ५ जीबी. ॲपलच्या हिशेबाने हजार गाणी. ज्याने घरातल्या सगळ्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या त्याला हजार गाणी कमीच. मग आज खिशातून न्यायची कोणती? स्मार्ट प्लेलिस्टला गाण्यांच्या संख्येची घालतात तशी मिनिटांची किंवा जीबीचीही मर्यादा घालता येई. बाहेर वाजलेल्या गाण्यांची नोंद आयपॉड परत जोडल्यावर संग्रहात उतरे, वाजलेली गाणी यादीतून गळत आणि त्यांच्या जागी दुसरी येत.

ही कल्पना मात्र कॉम्प्युटरच्या आधीची आहे. अमेरिकेतल्या रेडिओ स्टेशनांत गाण्यांची कार्डं पेटीत लावलेली असत. पुढचं कार्ड काढायचं, ते गाणं वाजवायचं आणि कार्ड पेटीत मागे खोचायचं. ‘सगळ्यात आधी वाजून गेलेलं गाणं आता पुढे’ हा नियम असा पुठ्ठ्यावर चालायचा. १९७९ मध्ये अँड्र्यू इकॉनोमॉस यांनी आरसीएस ही कंपनी काढली आणि तिच्या ‘सिलेक्टर’ प्रोग्रॅमने हे काम कॉम्प्युटरवर नेलं. एका गायकाच्या दोन गाण्यांत किती अंतर हवं, हेही त्याला सांगता येई. आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना इथे रेडिओ सिलोन आठवेल. सकाळचा जुन्या चित्रपटगीतांचा कार्यक्रम आठ वाजता संपायचा आणि शेवटचं गाणं कुंदनलाल सैगल यांचं असायचं. सैगल सुरू झाले की आठ वाजत आले, हे घड्याळाकडे न बघता कळायचं.

दुसरा धागा डेटाबेसचा. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे एकमेकांशी जोडता येणाऱ्या तक्त्यांत माहिती ठेवण्याची, मांडणी केली. तिच्यातूनच ‘व्ह्यू’ आला: माहितीची वेगळी प्रत न ठेवता प्रश्न साठवायचा आणि कुणी पाहील तेव्हा उत्तर नव्याने काढायचं. स्मार्ट प्लेलिस्ट तेच करते. फाइलींच्या जगात हे सगळ्यात सुरेख जमलं होतं ते बीओएसमध्ये. १९९०च्या दशकातल्या या ऑपरेटिंग सिस्टीमच्या फाइलरचनेचे एक शिल्पकार डॉमिनिक जिआम्पाओलो. तिथे फाइलीला हवी ती माहिती चिकटवता येई, शोध साठवून ठेवता येई, आणि अटीत बसणारी नवी फाइल आली की शोधाच्या उघड्या खिडकीत ती तत्काळ हजर होई. बीओएस बनवणारी ‘बी’ ही कंपनी टिकली नाही. जिआम्पाओलो पुढे ॲपलमध्ये गेले आणि स्पॉटलाइट या शोधयंत्रणेवर त्यांनी काम केलं. मॅकवर फाइलींचे ‘स्मार्ट फोल्डर’ २००५ मध्ये आले, म्हणजे गाण्यांच्या स्मार्ट याद्यांनंतर जवळजवळ तीन वर्षांनी.

आता या सगळ्याचा पाया, आणि माझ्या मते खरी गोम. नियम कितीही हुशारीने लिहा, तो वाचतो फक्त टॅग, म्हणजे गाण्याच्या फाइलीत लिहिलेली नाव-गाव माहिती.

एमपी३ फाइलीत गाण्याचं नाव लिहायला धड जागा नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी फाइलीच्या शेवटी १२८ बाइटचं एक शेपूट जोडायची युक्ती काढली. तिचं नाव आयडी३. गाण्याचं नाव ३० बाइट, कलाकार ३०, अल्बम ३०, वर्ष ४, शेरा ३० आणि संगीतप्रकाराला एकच बाइट. त्या बाइटमध्ये यादीतला क्रमांक लिहायचा, आणि मूळ यादीत प्रकार होते ८०. त्यात पोल्का आहे, गँगस्टा आहे, कॅबरेही आहे. नाट्यसंगीत नाही, भावगीत नाही, अभंग नाही. आपली गाणी एकतर ‘एथ्निक’ नाहीतर ‘अदर’. शिवाय ही जागा रोमन अक्षरांच्या हिशेबाने आखलेली. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, मात्रा आणि हलन्तसुद्धा. म्हणजे ३० बाइटांत दहा चिन्हं. गायिका ज्योत्स्ना भोळे यांचं ‘ज्योत्स्ना’ लिहिलं की दहा भरतात, ‘भोळे’ बाहेरच.

१९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने ही अडचण सोडवली. मजकुराला भरपूर जागा मिळाली, सगळ्या लिप्या सामावणारं युनिकोड आलं, संगीतकार आणि गीतकार यांना स्वतंत्र खाने मिळाले. पण फाइलीत खाना असणं वेगळं आणि तो पडद्यावर दिसणं वेगळं. आयट्यून्सने संगीतकाराला रकाना दिला, गीतकाराला दिला नाही. आकाशवाणीवर गाण्याआधी तिन्ही नावं ऐकत वाढलेल्या माणसाला हे पंगतीत एका पाहुण्याचं पान न मांडल्यासारखं वाटतं. ‘माडगूळकरांची सगळी गाणी दे’ हा आपल्याकडचा अगदी साधा प्रश्न, पण तो विचारायचा तर आधी गीतकाराचं नाव शेऱ्याच्या रकान्यात भरत बसावं लागतं.

सीडीवरून आपोआप येणारी माहितीही जपूनच घ्यावी लागे. ती यायची सीडीडीबीसारख्या इंटरनेटवरच्या साठ्यातून, आणि तिथल्या नोंदी भरलेल्या श्रोत्यांनीच. एकाच गायिकेचं नाव रोमनमध्ये तीन तऱ्हांनी. त्यामुळे ‘नाव अमुकच आहे’ अशी अट घातली की निम्मी गाणी निसटतात, ‘नावात अमुक येतं’ अशी घातली की सापडतात. वर्षाचं तर विचारूच नका. १९५५ चं गाणं १९९८ च्या संकलनाच्या सीडीवर असेल तर टॅगमध्ये बहुधा १९९८, आणि ‘पन्नाशीच्या दशकातली गाणी’ ही यादी रिकामी.

मोजदादीचेही चमत्कार आहेत. ‘सर्वाधिक वाजलेली २५’ ही तयार यादी लावून ठेवली की तीच गाणी पुन्हा वाजतात, त्यांचाच आकडा वाढतो, आणि ती यादीतून हलायचं नाव घेत नाहीत. म्हणून जाणकार ‘सगळ्यात आधी वाजून गेलेलं’ या अटीवर भर देतात. रेडिओवाल्यांची कार्डाची पेटीच ती.

पुढे विंडोज मीडिया प्लेअर ९ मध्ये ‘ऑटो प्लेलिस्ट’ आली. अमारोक, फूबार२०००, म्युझिकबी या गाणी वाजवण्याच्या प्रोग्रॅमांनीही आपापल्या तऱ्हा काढल्या. २००९ च्या आयट्यून्स ९ मध्ये अटींच्या आत अटी घालता येऊ लागल्या. दरम्यान स्ट्रीमिंगने दिशाच बदलली. स्पॉटिफायची ‘डिस्कव्हर वीकली’ जुलै २०१५ मध्ये सुरू झाली. दर सोमवारी तीस गाणी मिळतात. ती कोणत्या नियमाने आली हे ऐकणाऱ्याला दिसत नाही आणि बदलताही येत नाही.

स्वतःचे नियम लिहिणाऱ्यांची अडचण वेगळीच आहे. एम३यूसारख्या सर्वमान्य फाइलीत यादीतली गाणी जातात, नियम जात नाही. आयट्यून्स संग्रहाची नोंद ज्या एक्सएमएल फाइलीत ठेवतो तिच्यात नियम असतो, पण माणसाला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात. आयट्यून्सचे तारे तर गाण्याच्या फाइलीत नसतातच, ते असतात संग्रहाच्या नोंदवहीत. मी एकदा नुसत्या गाण्यांच्या फाइली नव्या कॉम्प्युटरवर नेल्या; गाणी आली, कित्येक वर्षांचे तारे मागेच राहिले. तेव्हापासून नियम वहीत लिहून ठेवतो. पहिल्या पानावर आहे: शेऱ्यात ‘माडगूळकर’, तारे चार किंवा जास्त, नव्वद दिवसांत न वाजलेलं, पंचवीस गाणी.