'नसबंदी' या शब्दानंच घोळ घातलाय

पुरुषाच्या ऑपरेशनचा विषय काढला की गावाकडं अजून पहिला प्रश्न हाच येतो, "मग अंगात जोर राहील का?" आणि हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, तो सरळ त्या शब्दातून आलाय. नस म्हटलं की आपल्याला रक्ताची शीर आठवते किंवा 'मानेची नस दबली' मधली नस, आणि इथं यातलं काहीच कापत नाहीत, कापतात ती शुक्रवाहिनी, चिमटीत धरली तर सुतळीसारखी टणक लागणारी, शुक्राणू नेणारी बारीक नळी.

ज्यानं खोंड ठेचताना बघितलंय त्याला भीती का वाटते ते कळतं. तिथं चिमटा लावला की नळीबरोबर रक्तवाहिन्याही चेंगरतात, रक्त तुटलं की गोळ्या (वृषण) सुकतात आणि खोंडाचा बैल होतो. म्हणजे नस खरी बंद होते ती बैलाची! माणसाच्या रक्तवाहिन्या तशाच ठेवतात, गोळ्या जिवंत राहतात, टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषपणाचं हार्मोन त्या नळीतून जातच नाही, ते थेट रक्तात उतरतं. वीर्यही जवळपास तेवढंच येतं, कारण त्यातलं बहुतेक वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींमधून येतं, शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा. सरकारी शब्द 'निर्बीजीकरण', तर तोच भटक्या कुत्र्यांनाही वापरतात, आणि कुत्र्याच्या गोळ्या काढूनच टाकतात. मग लोकांनी काय समजायचं?

तसं मुंबईत संततिनियमनाचं केंद्र १९२१ लाच निघालेलं, देशाचा कार्यक्रम १९५२ चा, आणि सुरुवातीची बरीच वर्षं ऑपरेशन जास्त पुरुषांचीच व्हायची, हे आज सांगितलं तर खरं वाटत नाही. १९७१ ला केरळात एर्नाकुलमच्या शिबिरात एका महिन्यात ६० हजारांवर पुरुषांनी करून घेतलं. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात सुमारे ६२ लाख पुरुषांची ऑपरेशन झाली, टार्गेट पुरं करायला माणसं उचलून नेली, आणि आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर तीन मुलांनंतर सक्तीचा कायदाच मंजूर केला, राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून तो लागू झाला नाही. माझ्या मते खरं नुकसान तिथंच झालं, आधीच भीतीचा असलेला शब्द आता जबरदस्तीचाही झाला.

१९७७ ला कुटुंब नियोजनाचं 'कुटुंब कल्याण' केलं, 'नसबंदी' तशीच राहिली, आणि सगळा भार बायकांवर गेला, त्यांना पोट उघडून नाहीतर दुर्बिणीनं. १९७४ ला चीनमध्ये निघालेली पुरुषांच्या ऑपरेशनची बिनटाक्याची पद्धत नव्वदच्या दशकात आपल्याकडं आली, बारीक छिद्र, काही मिनिटांचं काम, तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत बायकोचं ऑपरेशन झालेली जोडपी ३७.९ टक्के आणि नवऱ्याचं झालेली फक्त ०.३.

'ऑपरेशन फेल गेलं' ही ओरडही बऱ्याचदा न सांगितल्यामुळं होते. कापलेल्या जागेच्या पुढं आधीचे शुक्राणू उरलेले असतात, म्हणून तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं, आणि हे बायकोसमोर बसवून सांगायला पाहिजे.