सैल आणि ढिलं: ताई चीतल्या ‘सुंग’बद्दल

ताई ची ही संथ हालचालींची चिनी युद्धकला शिकायला लागलं की पहिल्या दिवसापासून एक शब्द कानावर पडत राहतो: सुंग. खांदे सुंग, कंबर सुंग, मनगट सुंग. शिकवणारा इंग्रजीत बोलत असेल तर त्याचं ‘रिलॅक्स’ होतं, हिंदीत बोलत असेल तर ‘ढीला छोडो’, आणि आपण ते ऐकून अंग टाकून देतो. गुडघे आत वळतात, पाठीला पोक येतं, मान लोंबते, हात नुसते इकडून तिकडे झुलतात. आपण अगदी सांगितलं तसंच करतोय असं वाटत असतं, त्यामुळे चुकतंय अशी शंकाही येत नाही. मी स्वतः बराच काळ हेच करत होतो.

चिनी भाषेत या चुकीला वेगळा शब्द आहे: शिए. म्हणजे ढिलाई. सरावात शिक्षक सारखं म्हणतात, ‘सुंग अर पू शिए’: सुंग हवं, शिए नको. लांबून दोन्ही सारखीच दिसतात, कारण दोन्हींत स्नायू आवळलेले नसतात. फरक आत असतो.

ही जोडी मराठीत आयतीच आहे. सदरा सैल असतो, त्यात माणूस मोकळा वावरतो. बाजेचं सुंभ ढिलं पडतं आणि बसणारा खड्ड्यात जातो. म्हणून सुंगसाठी मी ‘सैल’ म्हणेन आणि शिएसाठी ‘ढिलं’. (रोमन अक्षरांवरून काही जण ‘सोंग’ लिहितात. चिनी उच्चार ‘सुंग’च्या जवळ जातो, आणि मराठीत सोंग म्हणजे निराळंच काही, म्हणून इथे ‘सुंग’.)

सुंगचं जुनं चिनी अक्षर पाहण्यासारखं आहे. वरच्या भागात केसांची खूण, खाली पाइनचं झाड. झाड तिथे उच्चारापुरतं आलंय, अर्थ केसांचा: मोकळे सोडलेले केस. अंबाडा सोडला की केस आपल्याच वजनाने खाली उतरतात, कुठे पीळ नाही, कुठे गाठ नाही. पण प्रत्येक केस मुळाशी घट्ट असतो. मोकळे सोडलेले केस आणि गळलेले केस, सुंग आणि शिएमधलं अंतर एवढंच आहे. चीनमध्ये सोपी लिपी आली तेव्हा वरचे केस गेले आणि नुसता पाइन उरला. तोही वाईट नाही: मुळं जमिनीत, शेंडा वर, फांद्या मोकळ्या.

आता जुनी वचनं काय म्हणतात ते पाहू. ताई चीच्या अभ्यासकांना जे लेखन पायाभूत वाटतं ते फार मोठं नाही, चार-पाच छोटी प्रकरणं आणि काही पद्यं. त्यातला सर्वांत मानलेला निबंध वांग त्सुंगयुए याच्या नावावर आहे. तो हेबेईतल्या युंगनियानच्या वू युशियांगपर्यंत (१८१२–१८८०) पोहोचला. वू युशियांगचा भाचा ली यीयू याने नोंदवून ठेवलंय की हा निबंध असलेली वही हेनानमधल्या वूयांगला एका मिठाच्या दुकानात मिळाली. मुळात ती कोणी लिहिली यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण सराव करणाऱ्याला त्यातली वाक्यं रोज लागतात.

वू युशियांगच्या नावावर असलेल्या ‘तेरा स्थितींच्या सरावाचं मर्म’ या प्रकरणात एक वाक्य आहे, त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय: ‘सैल वाटतं, सैल नाही, उलगडू पाहतं, उलगडलेलं नाही.’ मूळ चिनीत ही जेमतेम आठ अक्षरं. ‘सैल नाही’ वाचून पहिल्यांदा गोंधळ होतो. सगळे सैल व्हा म्हणतात आणि ग्रंथ म्हणतो सैल नाही! पण पुढचा अर्धा भाग वाचला की कळतं. अंगात उलगडण्याची तयारी आहे, अजून ती वापरलेली नाही. ढिल्या अंगात ही तयारीच नसते. याच प्रकरणात उभं राहण्याबद्दल म्हटलंय की शरीर मधोमध, सरळ आणि आरामात असावं, आणि त्याने आठही दिशांना आधार द्यावा. आराम आणि आधार एकाच वाक्यात, एकाच शरीराकडून मागितलेत. आपण त्यातला आराम तेवढा उचलतो.

परंपरेने चांग सानफंग या दंतकथेतल्या ताओवादी साधूच्या नावावर असलेल्या दुसऱ्या एका प्रकरणाची सुरुवातच अशी आहे: हालचाल सुरू झाली की सारं अंग हलकं आणि चपळ हवं, आणि मुख्य म्हणजे ओवलेलं हवं. ‘ओवलेलं’ हे मी सजवून सांगत नाही. तिथे जे अक्षर आहे त्याचा जुना अर्थ नाण्यांची माळ. जुन्या चिनी नाण्यांना मधे भोक असे आणि ती दोरीत ओवून ठेवत. माळेतलं प्रत्येक नाणं हलतं, फिरतं, शेजारच्याला दाबत नाही. तरी एक टोक उचललं की दुसरं टोक येतं. शरीराची ही माळ कशी जाते तेही पुढे दिलंय: मूळ पावलात, जोर पायातून, कारभार कंबरेकडे, आणि दिसणं बोटांत. नाणी एकमेकांवर घट्ट दाबून बसवली तर ताठर शरीर. दोरी तुटली तर ढिलं. सुंग म्हणजे नाणी मोकळी आणि दोरी शाबूत.

इथे शवासनाबद्दल बोलायला हवं, कारण ‘अंग सैल सोडा’ ही सूचना आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा तिथेच ऐकलेली असते. हठयोगप्रदीपिकेत शवासनाची व्याख्या सरळ आहे: शवासारखं जमिनीवर उताणं पडणं. तिथे वजन पेलायचं काम जमीन करते, म्हणून सगळं सोडून देता येतं आणि द्यावंही. ताई चीत माणूस उभा असतो, बरेचदा एका पायावर. शवासनातला सैलपणा तसाच उचलून इथे आणला तर तो ढिलाईच होतो. उभ्या शरीरात एखादा भाग सुटला की त्याचा भार दुसऱ्या कुणाला तरी घ्यावा लागतो, आणि तो बहुधा गुडघा किंवा कंबरेचा खालचा भाग असतो. ताओ ते चिंग या प्राचीन चिनी ग्रंथाच्या ७६व्या प्रकरणात जिवंत माणूस मऊ आणि लवचिक, मेलेला ताठ आणि कडक, असं म्हटलंय. ताई चीतला मऊपणा हा असा जिवंताचा मऊपणा.

वाचून समजलं असं वाटतं, पण खरी परीक्षा हाताला हात लागल्यावर. थुई शौ म्हणजे जोडीने करायचा ढकलण्याचा सराव. दोघं समोरासमोर, मनगटाच्या मागची बाजू एकमेकांना टेकलेली. समोरच्याने माझ्या हातावर तळवा ठेवून सावकाश दाबलं. माझा हात ताठ असेल तर त्याला काठी सापडली: हात ढकलला की खांदा जातो, खांदा गेला की मी गेलो. हात ढिला असेल तर तो दुमडून माझ्याच छातीला चिकटतो, मधली जागा संपते आणि त्याचा तळवा थेट माझ्या धडावर. दोन्ही वेळा मी मागे जातो, दुसऱ्या वेळी जरा उशिरा. हात सैल असेल तर मात्र त्याला वेगळंच जाणवतं. हात अडवत नाही, पण कोसळतही नाही. फुगवलेल्या ट्यूबवर दाबल्यासारखं वाटतं. दाब कोपरातून, पाठीतून, कंबरेतून माझ्या मागच्या तळव्याखाली जातो, कंबर थोडी वळते आणि त्याचा जोर बाजूने निघून जातो.

या सरावाच्या पद्यात शेवटी म्हटलंय: चिकटून राहा, मागोमाग जा, सोडू नका, टकरू नका. ताई ची शिकवणाऱ्या यांग घराण्यातून आलेल्या लिखाणात तर चार दोषांची नावंच आहेत. तिंग म्हणजे डोकं पुढे काढून टक्कर देणं. खांग म्हणजे गरजेपेक्षा जास्त विरोध. प्येन म्हणजे कमी पडणं, चेपलं जाणं. त्यू म्हणजे स्पर्श सोडून निघून जाणं. पहिले दोन ताठरपणाचे, दुसरे दोन ढिलाईचे. ढिलाईलाही दोष म्हणून पुरती अर्धी जागा दिलीय! नवख्यांना फक्त पहिल्या दोघांबद्दल ओरडा बसतो, आणि ते पळून दुसऱ्या दोघांत जाऊन पडतात.

याच घराण्यातले गुरू यांग छेंगफू (१८८३–१९३६) यांनी सांगितलेले दहा मुद्दे त्यांचे शिष्य छेन वेइमिंग यांनी लिहून घेतले आणि १९२५ मध्ये छापले. त्यातला तिसरा मुद्दा कंबर सैल करण्याचा, आणि त्याचं कारण दिलंय: कंबर सैल झाली की मग दोन्ही पायांत बळ येतं आणि खालचा भाग पक्का होतो. सैल करायचं एक, आणि बळ येतं दुसरीकडे. सहाव्या मुद्द्यात शेतातल्या पाटांचा दाखला आहे. जमिनीत जसे पाट तशा शरीरात वाहिन्या. पाट तुंबला नाही तर पाणी वाहतं. आवळलेला स्नायू म्हणजे पाटात पडलेली माती. पण पाटाला काठही असतात, आणि काठच ढासळले तर पाणी शेताला न लागता भलतीकडे पसरतं, हे ज्यांनी शेतात दारं धरलीत त्यांना सांगायला नको. त्याच मुद्द्यात मुरलेल्या माणसाच्या हाताचं वर्णन आहे: कापसात गुंडाळलेलं लोखंड, आणि अतिशय जड. ढिला हात जड लागत नाही, तो नुसता लोळतो.

यांग छेंगफूंचे शिष्य चेंग मान-छिंग (१९०२–१९७५) यांनी लिहिलंय की गुरू रोज ‘सुंग, सुंग’ म्हणत आणि ते काही जमत नसे. एका रात्री स्वप्नात त्यांचे दोन्ही हात तुटले. जागे झाल्यावर करून पाहिलं तर सैलपण एकदम उमगलं. ते समजावताना त्यांनी बाहुलीचा दाखला दिलाय. जुन्या बाहुल्यांचे हात आतून इलॅस्टिकने बांधलेले असत. हात कसाही फिरतो, कुठे अडत नाही, पण आतल्या इलॅस्टिकमुळे खांद्याशी जोडलेलाच राहतो. इथेही पुन्हा दोरी आहेच. लोक ही गोष्ट तुटलेल्या हातांपाशी थांबवतात आणि इलॅस्टिक विसरतात, म्हणून ती इथे पूर्ण सांगितली.

घरी तपासायचं असेल तर मला उपयोगी पडलेली एक खूण आहे. ग्रंथात चालण्याला मांजराच्या पावलांची उपमा आहे. तशी अगदी हळू दहा पावलं टाका: टाच रिकामीच टेकवायची, त्या पायावर वजन आहे की नाही हे दुसऱ्याला कळू नये इतकी, आणि मग वजन थेंबाथेंबाने ओतायचं. डोक्याचा मधला भाग वरून धाग्याने धरल्यासारखा. खांदे खरोखर सैल असतील तर त्यांचं वजन खाली उतरतं आणि चौथ्या-पाचव्या पावलाला मांड्या तापायला लागतात. मांड्यांना काहीच कळलं नाही आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ आली, तर वजन पावलापर्यंत पोहोचलेलंच नाही. अशा वेळी आणखी सैल होण्याच्या नादी लागू नका. आधी गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेला आणा, डोकं वर घ्या, आणि तेच पाऊल पुन्हा टाका.