रॅपिड टेस्ट निगेटिव्ह, तरीही फ्लू असू शकतो

‘रॅपिड टेस्ट निगेटिव्ह, म्हणजे फ्लू नाही’ हा वर्षानुवर्षं चालत आलेला समज चुकीचा आहे, आणि घातकही. नाकातल्या स्वॅबमधली विषाणूची प्रथिनं शोधणारी ही चाचणी पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते खरी, पण फ्लू झालेल्या शंभरांपैकी साधारण ५० ते ७० जणांचाच आजार तिच्यात दिसतो. २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत तर काही चाचण्या याहूनही कमी पडल्या. स्वॅब उशिरा घेतला, तर चूक आणखी वाढते. साथ चालू असताना पॉझिटिव्ह निकाल मात्र बहुधा खरा असतो. खात्रीसाठी आरटी-पीसीआर, म्हणजे विषाणूची जनुकं शोधणारी चाचणी हवी. गरोदर स्त्रिया, वृद्ध, दमेकरी यांना डॉक्टरांनी ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध सांगितलं, तर निगेटिव्ह रिपोर्टच्या भरवशावर ते टाळू नका. लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर ते सर्वांत जास्त उपयोगी पडतं.