तीन बोटं, काथ्या आणि खाडीतला गाळ

ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षा भरेपर्यंत मामा वडापाव खात होते. खात म्हणजे, चिमणीला घालावा तसा चुरून एकेक तुकडा तोंडात सरकवत होते. "अख्खा घास जात नाही, आणि चटणी लागली की आग होते." तंबाखूला आयुष्यात हात लावला नाही, फक्त सुपारी, हेही सांगून झालं. तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघा, म्हटलं. दोनसुद्धा धड जाईनात.

हा कॅन्सर नव्हे. याचं नाव सबम्युकस फायब्रोसिस. पण यातल्या काही तोंडांत पुढे कॅन्सर होतो, आणि गाठ येण्याआधी तिच्या भोवतालची जागा कशी बिघडते हे इतकं उघड दाखवणारा दुसरा आजार मला माहीत नाही.

गालाच्या अस्तराखाली फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. जखम झाली की कोलॅजेनचे धागे विणायचे, ती भरली की गप्प बसायचं, हे त्यांचं काम. सुपारीतलं अरेकोलिन त्यांना गप्प बसू देत नाही. टॅनिनमुळे विणलेले धागे विरघळेनासे होतात, आणि सुपारीतलं तांबं धाग्यांना एकमेकांशी जखडणाऱ्या लायसिल ऑक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) चेव आणतं. गाल आतून पांढरट पडतो. बोट फिरवलं तर काथ्याचे पट्टे लागावेत तसा. हेच विकर पुढे गाठींभोवतीही सापडतं, कारण ताठर जागेत पेशींना पसरायची चिथावणीच मिळते.

पेशीतली जनुकं बिघडावी लागतातच. सुपारी तेही करते. पण तेवढ्याने भागत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ पेटन राउस यांनी १९११ मध्ये कोंबड्यांत गाठी करणारा विषाणू दाखवला होता. १९८०च्या दशकात जीवशास्त्रज्ञ मीना बिसेल यांच्या गटाने तोच विषाणू अंड्यातल्या गर्भात टोचला, तर गाठ नाही. बाहेर आलेल्या पिल्लाच्या एका पंखात टोचला, तिथे झाली. दुसऱ्या पंखाला नुसती जखम केली, तर तिथेही झाली!

स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने १८८९ मध्येच, स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी चाळून, बीजाला माती मानवावी लागते असं मांडलं होतं. मला यात ऐरोलीच्या खाडीतली तिवरं दिसतात. बी चिखलात रुजतं, मग वर आलेली श्वासमुळं भरतीचा गाळ अडवतात, आणि त्या गाळावर पुढची तिवरं उगवतात. (बिचाऱ्या तिवरांची गाठीशी तुलना केली, माफी असावी.)

गाठही असाच गाळ साठवते. रासायनिक निरोप धाडून फायब्रोब्लास्टना आपल्या कामाला जुंपते. एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायला रक्त हवं, म्हणून शेजारच्या रक्तवाहिन्यांना फाटे फोडायला लावते. सफाईला आलेल्या मॅक्रोफेज पेशी जखम भरायच्या नादात तिलाच खतपाणी घालतात. हॅरल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये गाठीला न भरणारी जखम म्हटलं ते उगीच नाही. मारायला आलेल्या टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या लढाऊ पांढऱ्या पेशींना, तर ती पीडी-एल१ नावाचं प्रथिन दाखवून थंड करते. टी-पेशींवरचे असे ब्रेक काढण्याच्या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं, ॲलिसन आणि होंजो यांना.

खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात जिच्या चाचण्या झाल्या, ती रुग्णाच्याच टी-पेशी बदलून करायची कार-टी उपचारपद्धती २०२३ मध्ये मंजूर झाली, पण रक्ताच्या कॅन्सरसाठी. तोंडातल्या गाठीत टी-पेशींना आधी काथ्यातून वाट काढावी लागते. आत पोचल्या तरी तिथे प्राणवायू कमी, आम्ल जास्त.

मामांनी सुपारी सोडली आहे. साचलेला काथ्या त्याने विरत नाही, म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायचा व्यायाम दिलाय. गेल्या आठवड्यात बारा मावायच्या. परवा तेरावी गेली.