नोटेच्या पाठीशी नेमके काय असते?

रिझर्व्ह बँकेकडे जेवढे सोने, तेवढ्याच किमतीच्या नोटा ती छापू शकते, हा समज चांगल्या शिकलेल्या माणसांच्या बोलण्यातही आढळतो. ही बँक सुरू झाली तेव्हादेखील तसा नियम नव्हता.

चलन सरकारच्या हाती आणि पतपुरवठ्याची सूत्रे इंपीरियल बँकेकडे (म्हणजे आजच्या स्टेट बँकेच्या पूर्वरूपाकडे), ही विभागणी संपवावी अशी शिफारस हिल्टन यंग आयोगाने १९२६ साली केली. १९३४ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९३५ रोजी खासगी भागधारकांची रिझर्व्ह बँक सुरू झाली. चिंतामणराव देशमुख गव्हर्नर असताना, १ जानेवारी १९४९ रोजी, तिचे राष्ट्रीयीकरण झाले.

मूळ कायद्याप्रमाणे बँकेच्या चलन विभागाच्या, म्हणजे नोटा काढणाऱ्या विभागाच्या, मालमत्तेपैकी किमान ४० टक्के हिस्सा सोने आणि स्टर्लिंग (ब्रिटिश पौंडातील) रोखे यांचा असावा लागे व त्यातील सोने ४० कोटी रुपयांहून कमी चालत नसे. उरलेल्या भागात रुपयाची नाणी, सरकारी रोखे आणि हुंड्या असत. म्हणजे ही मर्यादा गाठलेली असताना १०० रुपयांच्या नव्या नोटा काढायच्या, तर सोने किंवा स्टर्लिंग ४० रुपयांनी वाढवावे लागे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत मात्र यंत्रसामग्रीच्या आयातीसाठी परकीय चलन हवे होते आणि त्याच वेळी देशात नोटांची गरजही वाढत होती. म्हणून १९५६ साली प्रमाणाची अट काढून ४०० कोटींचे परकीय रोखे आणि ११५ कोटींचे सोने अशी ठरावीक किमान राखीव निधीची पद्धत आली. त्याच दुरुस्तीने सोन्याचा हिशेबी दर तोळ्याला २१.२४ रुपयांवरून ६२.५० रुपये केला, त्यामुळे सुमारे ४० कोटींचे सोने गुंजभरही न वाढता जवळपास ११८ कोटींचे झाले. पुढच्याच वर्षी एकूण मर्यादा २०० कोटींवर आली, त्यात सोने किमान ११५ कोटींचे.

मग २०० कोटी बाजूला ठेवून हव्या तितक्या नोटा छापता येतात का? नाही. चलनात गेलेली प्रत्येक नोट हे बँकेचे देणे असते आणि तिच्या रकमेइतके सोने, परकीय रोखे, सरकारी रोखे वगैरे दुसऱ्या बाजूला दाखवावेच लागतात. गव्हर्नरांच्या सहीखालचे वचन या देण्याचे आहे. २०१६ साली दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याच्या अफवेवर अनेकांनी विश्वास ठेवला. नोटेवर छापलेले हे वचन वाचण्याची तसदी त्यांतल्या फार थोड्यांनी घेतली असावी, याचे वाईट वाटते.

एक रुपयाच्या नोटेवर हे वचन नसते. ती भारत सरकार काढते, तिच्यावर वित्त सचिवांची सही असते आणि कायदा तिला नाण्यातच धरतो. म्हणून ती रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात असेल, तर देण्यांत नव्हे, मालमत्तेत मोजली जाते.