इलेक्ट्रॉनिक पुरावा : जप्ती, इमेज आणि प्रमाणपत्र

संगणक, मोबाइल, पेनड्राइव्ह, सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा रेकॉर्डर) यांतील माहिती मूळ स्वरूपाला धक्का न लावता काढणे, तपासणे आणि न्यायालयात टिकेल अशी मांडणे म्हणजे डिजिटल न्यायसहायक तपास. पुरावा हातचा जातो तो बहुधा जप्तीच्या जागीच.

जप्ती

बंद साधन सुरू करायचे नाही. विंडोज नुसते सुरू झाले तरी शेकडो फाइलींत नव्या नोंदी पडतात आणि ‘जप्तीनंतर संगणक कोणी हाताळला?’ हा प्रश्न उलटतपासणीत येतोच. संगणक चालू असेल तर आधी पडद्याचा फोटो, मग रॅममधील, म्हणजे वीज जाताच पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीतील, मजकूर. डिस्क एन्क्रिप्ट केलेली (किल्लीशिवाय वाचता न येणारी) असताना थेट प्लग उपटला, तर तिची किल्ली रॅमसोबत जाते आणि हाती फक्त कुलूप उरते.

मोबाइल विमान मोडवर टाकून रेडिओ लहरी अडवणाऱ्या फॅरडे पिशवीत ठेवतात, नाहीतर कोणी दूरवरून तो पुसू शकतो. विमान मोड लावता आला नाही तर पिशवीत फोन सतत नेटवर्क शोधतो, बॅटरी झपाट्याने उतरते; म्हणून पॉवर बँकही पिशवीच्या आतच हवी. फोन एकदा बंद पडला की पासकोड टाकेपर्यंत त्यातील बहुतेक माहिती एन्क्रिप्टेडच राहते.

डीव्हीआरचे घड्याळ अनेकदा चुकलेले असते. ते दुरुस्त करायचे नाही, फरक लिहायचा. डीव्हीआरवर २१:४७:१० आणि त्याच क्षणी मोबाइलवर २१:३५:४० दिसत असेल, तर ‘डीव्हीआर ११ मिनिटे ३० सेकंद पुढे’ अशी नोंद दोन्ही पडदे एका फोटोत घेऊन पंचनाम्यात येते. डिस्क भरली की जुने चित्रण पुसून त्यावरच नवे चढते, त्यामुळे इथे उशीर परवडत नाही.

इमेज आणि हॅश

डिस्क राईट ब्लॉकरमार्फत (तिच्यावर काही लिहू न देणाऱ्या उपकरणामार्फत) जोडून तिची बिट-बाय-बिट इमेज, म्हणजे तंतोतंत प्रत, घेतात. साध्या कॉपी-पेस्टमध्ये पुसलेल्या फाइलींची जागा येत नाही, शिवाय नव्या प्रतीवर निर्मितीची वेळ कॉपी केल्याची पडते. इमेजची एक प्रत सीलबंद राहते, दुसरीवर काम होते.

इमेजची हॅश व्हॅल्यू (माहितीवरून गणिताने काढलेली, बोटाच्या ठशासारखी खूण) तिथेच काढून पंचनाम्यात लिहावी. एसएचए-२५६ या पद्धतीची व्हॅल्यू ६४ अक्षर-अंकांची असते. मूळ माहितीत एक बिट बदलला तरी ती पार वेगळी येते. एमडी५ या जुन्या पद्धतीत २००४ साली आणि एसएचए-१ मध्ये २०१७ साली दोन वेगळ्या फाइलींची एकच व्हॅल्यू करून दाखवली गेली, त्यामुळे केवळ त्यांच्यावर विसंबू नये.

एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) मात्र फसवी. वीज मिळताच तिचा कंट्रोलर पुसलेले ब्लॉक आपणहून रिकामे करू लागतो. राईट ब्लॉकर हे थांबवू शकत नाही. दुसऱ्यांदा काढलेली हॅश जुळली नाही तर घोटाळाच झाला असे नाही, पण कारण अहवालात हवे.

वेळेचीही अशीच गफलत होते. कित्येक अ‍ॅप वेळ यूटीसीत (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) साठवतात. १ तारखेला रात्री साडेबाराचा संदेश आदल्या दिवशीच्या संध्याकाळी सातचा दिसतो. साडेपाच तास मिळवायचे राहिले की आरोपीला आयती पळवाट मिळते.

प्रमाणपत्र

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मुळे पुरावा कायद्यात कलम ६५ब आले. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत कशी तयार झाली हे सांगणारे त्याखालचे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अन्वर वि. बशीर खटल्यात ठरवले. मधल्या काळात ते सैल झाले. १४ जुलै २०२० रोजी अर्जुन खोतकर वि. कैलास गोरंट्याल या जालना विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात ते पुन्हा पक्के झाले. वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणाचा होता. मूळ साधनच न्यायालयात हजर केले तर प्रमाणपत्र लागत नाही, आणि मागूनही अधिकारी देत नसतील तर न्यायालयाकडे अर्ज करता येतो, हेही त्यात स्पष्ट झाले.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत : भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश आणि वापरलेला अल्गोरिदम लिहावा लागतो. जप्तीच्या वेळी हॅश काढलीच नसेल, तर महिन्यांनंतर भरलेली व्हॅल्यू फक्त त्या दिवशीच्या फाइलीची असते. मधल्या काळाबद्दल ती काहीच सांगत नाही.